लसीमुळे थायरॉइड? आधी फाइल उघडा

पुण्यातल्या तळजाई टेकडीवरच्या आमच्या कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज फिरला. "दरवर्षी लस टोचून आपणच आपल्या कुत्र्यांना थायरॉइडचे पेशंट करतोय. अमेरिकेत सिद्ध झालंय. बूस्टर बंद करा." खाली भराभर अंगठे आणि जोडलेले हात. मग एका ताईंनी साधा प्रश्न विचारला, "म्हणजे रेबीजचंही नको का द्यायला?" त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. सगळे एकदम कामाला लागले असावेत. म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी पशुवैद्य नाही. पण आमचा लाडू, वय वर्षं सात, जात गोल्डन रिट्रीव्हर, हा थायरॉइडच्या गोळीवर आहे. त्यामुळे असे मेसेज आले की मला नुसतं हसून सोडून देता येत नाही. त्याचं निदान झालं त्याच वर्षी मार्चमध्ये नाइन इन वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीज दोन्ही दिलं होतं. संशय येणारच. कोणालाही येईल. जो मालक असा संशय घेतो त्याला "तुम्ही गूगल वाचणं बंद करा" असं म्हणून गप्प बसवणारे डॉक्टर मला अजिबात पटत नाहीत.

आधी लाडूचं सांगते, कारण अनेकांना ही लक्षणं ओळखता येत नाहीत. पावसाळ्यात त्याला गोचीड ताप झाला होता. सलाइन लावायला पुढच्या पायावरचे केस मशीनने काढले, चौकोनी, पोस्टाच्या तिकिटाएवढे. ताप गेला, खाणं सुरू झालं, गणपती झाले, दिवाळी आली, पण तो चौकोन तसाच. गुळगुळीत आणि कडांना काळपट. शेपटीचे केस विरळ होत होत टोकाला उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडली. खाणं तेवढंच, वजन मात्र वाढतंय. टेकडीच्या पहिल्या चढावरच साहेब बसकण मारायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं निदान तयार होतं: "पोळीला तूप लावून देत असाल!" डॉक्टरांनी मात्र सगळं सोडून तो चौकोन बोटाने चाचपला आणि विचारलं, "इथले केस कधी काढले होते?" काढलेले केस महिनोन् महिने परत न येणं हे थायरॉइड मंदावल्याचं एक जुनं, ओळखीचं लक्षण आहे.

आता त्या "अमेरिकेत सिद्ध झालंय" कडे येऊ. मेसेजमागे खरोखरच एक अभ्यास आहे, हवेतली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये असं मांडलं की नेहमीच्या लसीकरणानंतर काही कुत्र्यांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटिबॉडी वाढलेल्या दिसतात. थायरोग्लोब्युलिन म्हणजे थायरॉइड ग्रंथीतलं प्रथिन, ज्यापासून हार्मोन बनतं. आणि कुत्र्यांमधल्या थायरॉइडच्या बऱ्याच केसेसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, हेही खरं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की घाबरायला होतंच.

पण गंमत अशी की मेसेज तिथेच थांबतो. त्याच गटाने पुढे काय केलं हे कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यांनी प्रयोगशाळेतल्या बीगल कुत्र्यांना काही वर्षं वारंवार लसी दिल्या, काहींना दिल्या नाहीत, आणि शेवटी त्यांच्या थायरॉइड ग्रंथीच सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. २००६ मध्ये निष्कर्ष छापला: वारंवार लस देणं आणि ग्रंथीला सूज येणं यांत संबंध आढळला नाही. अँटिबॉडी वाढल्या, पण आजार लस दिलेल्यांत जास्त निघाला नाही. कुत्रे मोजकेच होते, त्यामुळे यावर कायमचा पडदा पडला असं मी म्हणणार नाही. पण अर्धा अभ्यास फिरवायचा आणि उरलेला अर्धा गिळायचा याला माहिती देणं म्हणत नाहीत.

मग लाडूला थायरॉइड का झाला? याचं सगळ्यात कंटाळवाणं उत्तर म्हणजे तो गोल्डन रिट्रीव्हर आहे. गोल्डन, डॉबरमन, बीगल, कॉकर स्पॅनियल, बॉक्सर या जातींत हा आजार जास्त दिसतो, आणि बहुधा मध्यम वयात. ग्रंथीचा साधारण तीन चतुर्थांश भाग निकामी झाल्यावरच लक्षणं बाहेर दिसतात असं मानलं जातं. म्हणजे नोव्हेंबरात दिसलेला आजार मार्चच्या सुईने सुरू झाला असं धरणं मुळातच अवघड आहे. तो त्याआधीपासून आत चालू असणार. पिल्लू घेताना आपण नाक, रंग, डोक्याचा आकार बघतो. आई-बापाला थायरॉइड आहे का, हे कोण विचारतं? ब्रीडरही "प्युअर लाइन आहे, मॅडम" म्हणून मोकळा.

एवढं सगळं मांडल्यावर कोणी म्हणेल, मग ही बाई "दरवर्षी सगळं टोचा" म्हणणार. तर नाही. त्या मेसेजचं निदान चुकलंय, पण त्यामागची कुरकुर चुकीची नाही.

आपल्याकडे "लस दिली का?" असं विचारतात, जणू ती एकच वस्तू आहे. नाइन इन वनच्या त्या एका टोचण्यात डिस्टेंपर आहे, पार्व्हो आहे, अ‍ॅडिनोव्हायरस आहे, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराचे) प्रकार आहेत. पहिले तिन्ही विषाणूंचे. रेबीज वेगळं. आणि या प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएची, मार्गदर्शक तत्त्वं बरीच वर्षं सांगताहेत की पिल्लूपणीचा कोर्स नीट झाला असेल, शेवटचा डोस १६ आठवड्यांचं वय झाल्यावर पडला असेल आणि त्यानंतरचा बूस्टरही झाला असेल, तर डिस्टेंपर, पार्व्हो आणि अ‍ॅडिनो यांच्या जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या) लसी तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा द्यायची गरज नाही. त्यांची प्रतिकारशक्ती पुष्कळ टिकते. लेप्टोचं तसं नाही. ती मारलेल्या जिवाणूंची लस, तिचा असर साधारण वर्षभर. म्हणून ती दरवर्षी.

(जाता जाता: पिल्लांना तेच ते इंजेक्शन तीनदा का, असा प्रश्न नेहमी येतो. आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडी लसच निष्प्रभ करतात, आणि त्या प्रत्येक पिल्लात नेमक्या कधी ओसरतात हे सांगता येत नाही. म्हणून १६ आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा. दुकानदारी नाहीये ती. आणि चिहुआहुआ आहे म्हणून "अर्धंच द्या डॉक्टर" असंही म्हणू नका. लसीचा डोस वजनावर नसतो.)

पुण्यात मात्र सर्रास होतं असं की वर्ष झालं, मोबाइलवर रिमाइंडर आला, गेलो, कुपी फोडली, टोचलं, पैसे दिले, घरी. यात कुठली लस कशासाठी, हे बोलायला ना डॉक्टरला वेळ ना आपल्याला. बाहेर बाकावर चार कुत्री भुंकतायत, एक मांजर पिशवीतून गुरगुरतंय, आपली गाडी नो पार्किंगमध्ये. मला कळतं. पण सात वर्षांच्या आजारी कुत्र्याला वर्षाला सगळंच एकदम द्यायचं की नाही, हे बोलायला पाच मिनिटं मागणं हा काही गुन्हा नाही. अमेरिकेत १२ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींचा एक अभ्यास २००५ मध्ये आला होता. लसीनंतर तीन दिवसांत काही ना काही रिअ‍ॅक्शन आलेले कुत्रे १० हजारांत सुमारे ३८ होते. म्हणजे प्रमाण कमीच. पण एकाच भेटीत जितकी जास्त इंजेक्शनं तितका धोका वाढलेला, आणि लहान चणीच्या कुत्र्यांत तो जास्त. तेव्हा "रेबीज आज, लेप्टो पंधरा दिवसांनी देऊ या का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या डॉक्टरांनी तो ऐकून कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. घालणारे भेटले तर दवाखाना बदला.

पार्व्हो-डिस्टेंपरचं संरक्षण शिल्लक आहे का, हे रक्तातल्या अँटिबॉडी मोजून बघता येतं. त्याला टायटर म्हणतात. सगळीकडे होत नाही, आणि काही वेळा लसीपेक्षा महाग पडतं. पण ज्यांना लसीची भीती वाटते त्यांच्यासाठी "बूस्टर बंद" यापेक्षा हा शहाणपणाचा रस्ता आहे.

ज्यांनी डिस्टेंपर पाहिला नाही त्यांनाच त्या मेसेजखाली अंगठा दाबता येतो. आमच्या गल्लीतल्या एका पिल्लाला झाला होता. डोळ्यांत चिकट घाण, नाक कोरडं पडून फुटलेलं, आणि मग जबडा आपोआप हलायला लागला, च्युइंगम चघळत असल्यासारखा. झोपेतसुद्धा. त्यावर औषध नाही, नुसती शुश्रूषा. रस्त्यावरची पिल्लं दर मोसमात अशी जातात, आणि पार्व्होचा विषाणू तर आपल्या बुटाला लागून, हाताला लागून तिसऱ्या मजल्यावर चढू शकतो. लेप्टोचंही तेच. उंदराची लघवी मिसळलेलं पाणी पुरतं. मुठेच्या पुराचं पाणी ज्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शिरतं त्यांना मी वेगळं काय सांगू? शिवाय लेप्टो माणसालाही होतो.

आणि ताईंचा तो रेबीजचा प्रश्न. त्याला उत्तर एकच: द्यायचं. त्यात टायटर, चर्चा, "यंदा राहू दे" असलं काही नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून कुत्रा वाचत नाही आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. महापालिकेच्या परवान्यालाही त्याचं सर्टिफिकेट लागतं, पण ते जाऊ द्या. शेजारी गोवा बघा. तिथे दरवर्षी सुमारे एक लाख कुत्र्यांना लस देत राहिले, आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. आपण मात्र आपल्या एसीत झोपणाऱ्या कुत्र्याला सूट मागतोय.

लसीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. थायरॉइडचं निदान फार सवंगपणे होतं. कुत्रा जाड झाला, केस गळले, टी-फोर (रक्तातल्या थायरॉइड हार्मोनची टेस्ट) केला, कमी आला, गोळी सुरू. टी-फोर एकटा फारसं सांगत नाही. कुत्रा दुसऱ्या कशाने आजारी असला तरी तो खाली येतो. स्टेरॉइड, फिट्सवरचं फेनोबार्बिटोन, सल्फाची औषधं यांनीही येतो. खाज सुटली म्हणून प्रेडनिसोलोन (तेही स्टेरॉइडच) चालू आणि त्यातच थायरॉइडची टेस्ट, असे कुत्रे मी आमच्याच टेकडीवर पाहिलेत. गोचीड तापानंतर लाडूची टेस्ट आमच्या डॉक्टरांनी मुद्दाम लांबवली आणि नंतरही टी-फोरसोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) आणि फ्री टी-फोर (रक्तातला मोकळा टी-फोर) असं एकत्र केलं. टीएसएच तरी कुठे दर वेळी साथ देतो? खरोखर आजारी असलेल्या बऱ्याच कुत्र्यांत तो नॉर्मल निघतो. म्हणून लक्षणं आणि रिपोर्ट दोन्ही जुळायला लागतात. थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट करणार असाल तर लस नुकतीच झाल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा, म्हणजे आकडा वर आला तरी त्याचा भलताच अर्थ लागणार नाही.

आणि एक, खास आपल्याकडच्यांसाठी. ग्रेहाउंड, सालुकी अशा पळणाऱ्या शिकारी जातींचा टी-फोर मुळातच कमी असतो, आणि तो त्यांच्यासाठी नॉर्मल असतो. आपले कारवान आणि मुधोळ हाउंड त्याच धाटणीचे. घरात कारवान असेल आणि लॅबच्या रिपोर्टवर टी-फोरपुढे लाल बाण आला असेल, तर गोळी सुरू करण्याआधी हा मुद्दा डॉक्टरांपुढे ठेवाच.

गोळीचं म्हणाल तर ती तीच, माणसांची थायरॉक्सिन. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा केमिस्टवाल्या काकांनी चष्मा वर केला. "हे मायक्रोग्रॅम बरोबर लिहिलेत ना? पेशंटचं वय?" म्हटलं सात. ते दचकलेच. म्हटलं काका, कुत्रा आहे. कुत्र्याच्या आतड्यातून हे औषध कमी शोषलं जातं आणि शरीरातून फार लवकर निघून जातं. माणसाच्या रक्तात निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, तर कुत्र्यात काही तासांतच ते निम्म्यावर येतं. म्हणून किलोमागे डोस आपल्या कैक पट, आणि बहुतेकांना सुरुवातीला दिवसातून दोनदा. आता काका स्वतःच विचारतात, लाडोबा कसे आहेत?

लाडोबांच्या पायावरचा चौकोन भरून आला. शेपटीला वेळ लागतोय.

यंदाचं आमचं ठरलंय ते असं: रेबीज नेहमीच्या वेळेला, लेप्टो पावसाळ्याआधी वेगळी, आणि डिस्टेंपर-पार्व्होला या वर्षी सुट्टी, कारण तिसरं वर्ष अजून व्हायचंय. हे लाडूचं आहे, तुमच्या कुत्र्याचं वेगळं असू शकतं. ठरवण्याआधी घरातली ती लसीची वही काढा. प्रत्येक तारखेपुढे कुपीवरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर लसीचं नाव आणि एक्स्पायरी असते. नुसतीच सही आणि "व्हॅक्सिन गिव्हन" असं लिहिलं असेल तर पुढच्या वेळी स्टिकर मागून घ्या. घरी येऊन टोचणारे असतील तर कुपी बर्फाच्या डब्यातून निघतेय की बाइकच्या डिकीतून, तेही बघा. लस २ ते ८ अंशांत राहिली नसेल तर टोचून उपयोग होईलच याची खात्री नाही, आणि पुण्याचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

कमेंटमध्ये कृपया गोळीचा डोस विचारू नका, मी सांगणार नाही. "आमच्या रॉकीचेही केस जातायत, थायरॉइडच असेल का?" हेही नको. बारा कारणं असतात, आधी त्याच्या कानामागे गोचीड शोधा.