फीत कापली, पाणी कोण भरणार?

चैत्र लागला की आमच्या सांगलीत ग्रुपवर मेसेज सुरू, पाणपोई करूया, साडीचा कलर कोणता, फोटोला कोण. नटायला मलाही आवडतं, पाडव्याला पैठणी नेसून मिरवण्यात काही गैर नाही, पण अहो फीत कापून झाली की रांजण भरायला एकजण फिरकत नाही! परवा स्टँडजवळ बघितलं, रांजण कोरडा ठणठणीत, तळाला वाळलेलं शेवाळ, साखळीचा ग्लास धुळीनं माखलेला आणि वर फ्लेक्सवर आमचे सगळ्यांचे हसरे चेहरे. जतच्या एसटीतून उतरलेली एक आजी आत वाकून बघून तशीच गेली, नुसता संताप झाला. एवढी वर्गणी निघते तर पावसाळ्यापर्यंत रोज पाणी भरायला, रांजण घासायला माणूस ठेवा ना, फ्लेक्स नको हवं तर. ज्यांना हे जमत नाही त्यांनी फोटोलाही येऊ नये, स्पष्टच सांगते.