मॅकबुकसाठी कर्ज काढू नका

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की सांगलीत पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. पोरगं कॉम्प्युटरला गेलंय तर मॅकबुकच घ्या, विंडोजवर खरं कोडिंग होत नाही, लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) हॅकर लोकांचं, आणि भारी मशीन असलं की नोकरी पक्की. तासगावकडचे द्राक्ष बागायतदारही हे वाचून हप्त्यांची चौकशी करायला लागतात, म्हणून लिहितोय.

विंडोजवर कोडिंग होत नाही, हे खोटं आहे. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनं 2016 मध्ये आणली, डब्ल्यूएसएल. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत तर खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चालतो. व्हीएस कोड, गिट, पायथन, नोड, ही कोडिंगची साधनं सगळी फुकट आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर तीच.

लिनक्सबद्दलचा गैरसमज जास्त नुकसान करतो. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल आहे. जगातले सर्वांत वेगवान 500 सुपरकॉम्प्युटर 2017 पासून लिनक्सवरच चालतात. आणि पोरांचं प्रोजेक्ट शेवटी चढतं तेही बहुतेक वेळा लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून सगळ्यांना ते दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर. तिथं मॅकवालेही अडकतात. समजा फाइलच्या नावात कॅपिटल एच आहे आणि कोडमध्ये तेच नाव स्मॉल एचनं लिहिलंय. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक धरत नाहीत, त्यामुळे लॅपटॉपवर सगळं सुरळीत. सर्व्हरवर टाकलं की फाइल सापडत नाही म्हणून एरर, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री चूक शोधत बसायचं. लिनक्सवर काम करणाऱ्याला ती पहिल्याच रनला दिसते.

मेसेजमधलं एवढं मान्य: आयफोनची ॲप बनवायची तर एक्सकोड हे ॲपलचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. बॅटरीही मॅकची चांगली टिकते. पण पहिल्या वर्षी सी ही भाषा शिकणाऱ्याला यातलं काय लागतं? जीसीसी (लिहिलेला कोड चालण्याजोगा करणारा फुकट कंपायलर) आणि एक एडिटर.

नोकरीचं म्हणाल तर मुलाखतीत तुमचा लॅपटॉप कुणी बघत नाही, कोड बघतात. कामाचं मशीन बहुतेक कंपन्या स्वतःच देतात.

नवा घ्यायचाच असेल तर एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी येणारं वेगवान स्टोरेज, हवीच. रॅम 16 जीबी मिळाली तर उत्तम, 8 वरही भागतं. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला. घरातला जुना लॅपटॉप विंडोज 11 घेत नसेल तर भंगारात घालू नका. त्यात एसएसडी बसवून लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाका, पहिली दोन वर्षं आरामात निघतील.