जर्मन साउंड म्हणे!

काल भाच्याच्या हळदीला डीजे होता. आठनंतर नेहमीची गाणी संपली आणि एकदम छान काहीतरी सुरू झालं, खाली चार ठोके सरळ आणि वर तो झुलता ठेका, म्हणजे एकाच वेळी कुणीतरी केहरवा धरलाय आणि दुसरा त्यावर दादरा वाजवतोय असं काहीतरी. मी लगेच उठले. तर धाकटा भाचा कानाशी येऊन ओरडतो, "मावशी, हे कायनेमुझिक! अफ्रो हाऊस! प्युअर जर्मन साउंड आहे!" (कायनेमुझिक म्हणजे बर्लिनच्या डीजेंचा एक गट. हाऊस म्हणजे क्लबात वाजणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, आणि अफ्रो हाऊस हा त्याचा आफ्रिकन अवतार.)

जर्मन. अफ्रो हाऊस. एकाच वाक्यात!! अरे नावातच लिहिलंय की बाबा.

हळदीत कुठे वाद घालायचा म्हणून गप्प बसले, पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून आता लिहितेय.

मी 2015 मध्ये जोहान्सबर्गला प्रोजेक्टवर होते. ऑफिसातली एक मैत्रीण सोवेटोची, म्हणजे जोहान्सबर्गलगतच्या काळ्या लोकांच्या वस्तीतली. एका शनिवारी मला घरी घेऊन गेली, ब्री टॅक्सी स्टँडवरून मिनीबस टॅक्सीने. त्या टॅक्सीत कंडक्टर नसतो, मागचे लोक पैसे हातोहात पुढे देतात, पुढे बसलेला हिशोब करतो आणि सुट्टे तसेच हातोहात मागे येतात. मी पुढे बसले होते त्यामुळे हिशोब माझ्याकडे आला आणि माझी तारांबळ. आणि म्युझिक एवढं मोठं की सीट थरथरत होती. मी मागे वळून मैत्रिणीला म्हटलं, "अरे वा, इथे पण इबिझाचं म्युझिक ऐकतात?" (इबिझा म्हणजे ते क्लबांसाठी प्रसिद्ध स्पॅनिश बेट.)

टॅक्सीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती शांतपणे एवढंच म्हणाली, "सिसी (म्हणजे ताई), हे आमचं आहे."

दहा वर्षं झाली, तिचा तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून काल भाच्यावर चिडले ते खरं तर त्या टॅक्सीतल्या माझ्यावरच.

हाऊस जन्मलं शिकागोला, ऐंशीच्या दशकात, तेही काळ्या पोरांच्या क्लबमध्ये. तिथल्या रेकॉर्ड्स दक्षिण आफ्रिकेत पोचल्या, तिथल्या डीजेंनी वेग कमी केला, आपल्या भाषेत बोल टाकले, त्यातून क्वाइटो नावाचं त्यांचं स्वतःचं संगीत आलं. मंडेला तुरुंगातून सुटले, काळ्यांना पहिल्यांदा मत देता आलं ती 1994 ची निवडणूक झाली, त्या पिढीचा तो आवाज होता. त्यानंतर डर्बन, प्रिटोरिया, सोवेटो सगळीकडे हाऊस गल्लीत वाजायला लागलं, क्लबची पायरी न चढलेल्या माणसांच्या टॅक्सीत वाजायला लागलं. आपल्याकडे हे म्युझिक तिकीट काढून ऐकायचं असतं, तिथे आजीबाई भाजी निवडताना ऐकतात. मी पाहिलंय, मैत्रिणीच्या घरी!

आणि दक्षिण आफ्रिकेचा डीजे ब्लॅक कॉफी. खरं नाव न्कोसिनाथी मापुमुलो. 11 फेब्रुवारी 1990, मंडेला सुटले त्या रात्री लोक रस्त्यावर नाचत होते, गर्दीत गाडी घुसली आणि या तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा डावा हात कायमचा निकामी झाला. तो माणूस एका हाताने डीजे झाला आणि 2022 ला ग्रॅमी घेऊन आला. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतोय. आणि आपण म्हणायचं जर्मन साउंड??

मान्य, कायनेमुझिकची पोरं चोर नाहीत. 2009 पासून बर्लिनमध्ये एकत्र आहेत, "अँड मी" (&ME, हे एकाचं नावच आहे), रांपा, अ‍ॅडम पोर्ट वगैरे, मेहनती आहेत आणि वाजवतात फार सुंदर, मी काल त्यांच्यावरच नाचले ना. कॅनडाचा रॅपर ड्रेक, त्याच्या 2022 च्या अल्बमवर तर ब्लॅक कॉफीसोबत यांच्यातल्या दोघांचं काम आहे. म्हणजे त्यांना मूळ पक्कं ठाऊक आहे. माहीत नाही ते आपल्याला. आणि हो, संगीताला सीमा नसते, तेही मान्य. पण उद्या कुणी संबळ वाजवला आणि लोक म्हणाले व्वा काय न्यूयॉर्क साउंड आहे, तर आपण सगळे किती चवताळू ते मला सांगायची गरज नाही. गोंधळ्याकडून तो संबळ कुठून कसा आला ते आपल्याला हवंच असतं ना? मग सोवेटोच्या माणसाला का नको?

मूळ हिरावून कुणी नेत नाही हो. हातोहात पुढे जाताना मधला एक जण नाव सांगायचं विसरतो, झालं. पैसे बरोबर पोचतात आणि ते कुणी दिले हे पुढच्याला कळत नाही.

असो. लिहिता लिहिता राग उतरला. पोरगं एकवीस वर्षांचं आहे, त्याला कोण सांगणार होतं? मी तर नोकरी करायच्या वयात तसंच बोलले होते, तेही त्यांच्याच टॅक्सीत बसून.

आत्ता त्याचा मेसेज आला. सकाळी मी टॅक्सीचं सांगितलं होतं ना, तर विचारतोय, "मावशी, त्या टॅक्सीत कुठलं गाणं लागलं होतं? पाठव ना."

मला नाव माहीत नाही. तेव्हाही विचारलं नव्हतं. ब्लॅक कॉफी आणि तिथल्याच ब्लॅक मोशनची गाणी पाठवलीत, आणि मैत्रिणीला दहा वर्षांनी मेसेज टाकलाय. अजून एकच टिक आहे.