डब्यावरचं नाव आणि डब्याचा मालक

‘खाडीकाठ’ यांस सप्रेम नमस्कार.

पुरात वाहून आलेले फोटो, भांडी आणि दागिने त्यांच्या घरी कसे पोचवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने टीका केलीत, ते बरं झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी परोपकाराचं सरकारी ऑफिस करून टाकलं. नोंदवही, पेन्सिल, साक्षीदार यांत दिवस जातात, त्यापेक्षा वस्तूचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की काम होतं. तुम्ही टाकलेल्या पितळी डब्याला एका दिवसात शिरगावकर आडनावाची तीन घरं पुढे आली. आणि भिजलेले फोटो तुम्ही सरळ उन्हात वाळवलेत, ‘काही बिघडलं नाही’.

आधी फोटोंचं बोलू, कारण तिथे तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. लेखात ‘आधी नोंद, मग हात लावा’ असं सरसकट लिहिलं होतं. भिजलेल्या फोटोंना ते लागू नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात आणि सावित्रीचं महाडात शिरलं, तसल्या दमट हवेत ओल्या फोटोवर दोन दिवसांत बुरशी धरते. तेव्हा नोंदवहीच्या आधी बादली. लेखात तो क्रम दुरुस्त करतो.

पण ऊन नको. कृष्णधवल फोटोवर जिलेटिनचा थर असतो. पाण्यात तो फुगतो, चिकट होतो, आणि गठ्ठा तसाच वाळला की शेजारच्या फोटोला कायमचा धरून बसतो. उन्हात थर आणि कागद वेगवेगळे आवळतात, फोटो वळतो आणि सरळ करायला गेलं की तडकतो. त्याऐवजी स्वच्छ, गार पाण्याच्या पसरट टबात एकेक फोटो हलवून गाळ सुटू द्या. चित्राच्या बाजूला बोट किंवा फडकं लावू नका. मग ताणून बांधलेल्या मच्छरदाणीवर चित्र वर करून सावलीत वाळवा. खाली वर्तमानपत्र नको, शाई उतरते. एका दिवसात उरकणार नसेल तर मधे बटर पेपर घालून, पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. घाई नसताना पुन्हा बाहेर काढता येतात.

दोन अपवाद जपा. हाताने रंगवलेल्या फोटोचे गाल आणि साडीचे काठ पाण्यात धुऊन जाऊ शकतात, तो बुडवू नका. आणि फ्रेमच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. धुण्याआधी मात्र दोन्ही बाजू मोबाइलवर टिपून घ्याच. मागचं पेन्सिलीचं लिखाण पाण्यात टिकतं, दौतीच्या शाईचं जातं, आणि बऱ्याचदा घराचा एकमेव पत्ता तोच असतो. अल्बम असेल तर पानं सुटी करण्यापूर्वी ओळीने टिपा. कोण कोणाच्या शेजारी चिकटवलंय, यावरून नाती कळतात.

आता डबा. तुम्ही लिहिलंत, वर नाव होतं, त्या आडनावाच्या लोकांकडे द्यायचा, संपलं. आपला खरा मतभेद इथे आहे.

भांड्यावर नाव घालायची आपली रीत आठवा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं : ‘चि. सौ. कां. सुमन हिस मामाकडून’, पुढे तारीख. नुसतं आडनाव वाचून निघालात तर ते देणाऱ्याचं आहे की घेणारीचं, हे कळत नाही. आहेर मामाचा असेल तर कोरलेलं आडनाव आजोळचं, आणि डबा ज्या घरात पन्नास वर्षं फडताळात होता ते तिसरंच. लग्नात नाव बदललं असेल तर सासरची सुमन माहेरच्या शाळेच्या रजिस्टरात कुसुम म्हणून सापडेल. मोठं पातेलं किंवा हंडा असेल तर नाव माणसाचं नसून वाडीचंही असतं. लग्नकार्याला काढायची ती सामाईक भांडी, त्यांचा वारस एकटा कोणी नसतो, ती गावकीकडेच द्यायची. शिवाय भांडी मोडीत निघतात, विकत घेतली जातात. म्हणून नाव ही सुरुवात धरा. मालक म्हणजे पुराच्या आदल्या रात्री ज्याच्या घरात ती वस्तू होती तो, किंवा त्याचा वारस. कुठे सापडली, किती उंचीवर, कोणत्या वहाळाच्या कडेला, सोबत काय होतं, हे नोंदवहीत लिहायला सांगितलं ते यासाठी. वाहून येणाऱ्या वस्तू उताराच्या वरच्या अंगाने येतात, मग शोधायची घरं आपोआप कमी होतात.

‘शिरगावकर’वरून गाव ठरवणं तर फारच धोक्याचं. शिरगाव चिपळूण तालुक्यात आहे, रत्नागिरीत आहे आणि देवगडातही आहे. आडनावातला ‘कर’ पूर्वज कुठून आले तेवढं सांगतो, आज चूल कुठे पेटते ते सांगत नाही.

कोरीव नाव वाचण्यापूर्वी डबा पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका. उथळ ठिपके आधीच झिजलेले असतात, घासण्याने उरलेले जातात. नुसत्या पाण्याने गाळ काढा, वाळल्यावर खडूची पूड चोळून वरवर पुसा, ठिपक्यांत पांढरं राहतं. अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा. तरीही नाही लागलं तर पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. ‘शके’ दिसलं तर आकड्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतचं असेल तर ७९. लष्करी पदक असेल तर समोरचा राजाचा चेहरा सोडा, कडेवर नजर फिरवा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तिथे शोध सोपा होतो.

व्हॉट्सअ‍ॅपला माझा विरोध नाही. सगळंच दाखवण्याला आहे. तीन घरं पुढे आली हे तुम्ही यश म्हणून सांगता, पण डबा एक आहे. तिघांपैकी कोणी खोटं बोलतंय असंही मी म्हणणार नाही. पुरात घर धुऊन गेलेल्या माणसाला प्रत्येक पितळी डब्यात आपलाच डबा दिसतो. म्हणून वस्तूची निम्मी ओळख झाकून ठेवायची. फोटोची पुढची बाजू गटावर टाका, मागचं लिखाण आणि अल्बममधला शेजारचा फोटो ठेवून घ्या. दावा करणाऱ्याकडे त्याच माणसाचा दुसरा फोटो मागा. लग्नाच्या फोटोची प्रत मुंबईच्या किंवा माहेरच्या नातलगांकडे बहुधा निघतेच. दागिन्याचा तर फोटोच टाकू नका. आकडी बदललीय का, कुठे दोरा गुंडाळलाय, हे मालकिणीने सांगायचं. दागिना पोलिस ठाण्यात देऊन पोच घ्या. सापडलेली वस्तू जपायची जबाबदारी १८७२ च्या करार कायद्याने सापडणाऱ्यावर टाकली आहे. झाडांच्या कलमांसाठी खड्डे किंवा घराचं जोतं खणताना पुरलेलं काही निघालं तर प्रकरण वेगळं : १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

आणि मोबाइलवर न दिसणारी माणसंही आहेत. ऐंशीच्या पुढच्या आजीला एवढ्याशा पडद्यावर चेहरा लागत नाही. ए-फोर आकाराची प्रिंट काढा. शिमग्याला सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, आणि गणपतीत देवळात लावा, तेव्हा चाकरमानी गावात असतात. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला एक प्रत द्या. विचारताना ‘हे अमुकच ना?’ असं म्हणू नका, मान सहज हलते. ‘हे कोण?’ एवढंच विचारा, दोघांना वेगवेगळं विचारा, आणि उत्तर तिथेच लिहा. एक दिवस जास्त लागला तरी चालेल, चुकीच्या भावकीत गेलेला फोटो परत मागणं फार अवघड असतं.

खरा वारस ठरल्यावर भावकीत फाटे फुटतातच. फोटो असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करून सगळ्या शाखांना द्या, मूळ प्रत जवळच्या वारसाला. ती घेतल्याची दोन ओळींची पोच, दोन सह्या.

तुमच्या डब्याबद्दल. तो अजून तुमच्याकडे असेल तर कोणालाही देऊ नका. तुम्ही गटावर टाकलेल्या फोटोत झाकण बंद आहे, हे नशीब. झाकणाच्या आत, बुडाखाली आणि कडीच्या जोडाजवळ काय आहे ते स्वतः नीट बघून कागदावर लिहा आणि इथे सांगू नका. मग तिन्ही घरांतल्या वयस्कर बाईला एकेकटं गाठून विचारा : डब्यात काय ठेवायचात, झाकण घट्ट होतं की सैल, डाग (झाळ) कुठे दिला होता? रोज उघडणारीला ते पाठ असतं.