मग सुनांना का होत नाही?

गेल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीने कोलोनोस्कोपीची तारीख रद्द केली. तिची आई, म्हणजे माझी मावशी, 46व्या वर्षी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. मामा 41व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. या दोन गोष्टी ऐकूनच डॉक्टरांनी तिला दुर्बिणीची तपासणी सांगितली होती. रद्द का केलीस विचारलं, तर उत्तरादाखल तिने एक मेसेज पुढे ढकलला. वर दोन बाण, खाली जोडलेले हात, मध्ये ‘आनुवंशिक कॅन्सरचं थोतांड’. हाच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आणि भिशीच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. तेव्हा मी सोडून दिला, आता नाही सोडत.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं. कॅन्सर रक्तातून येत नाही, घरच्या खाण्यापाण्यातून येतो. हेन्री लिंच नावाच्या अमेरिकन डॉक्टरने चाचण्या विकणाऱ्या कंपन्यांसाठी आनुवंशिकतेची कल्पना रचली. तो मुळात बॉक्सर, वर खोटं बोलून नौदलात शिरलेला. जनुक बदलता येत नाही, मग तपासून उपयोग काय? दुर्बीण आत घातली की झोपलेला कॅन्सर जागा होतो. आणि शेवटी, अर्थातच, उपाशीपोटी घ्यायचा काढा.

बॉक्सरचं आधी उरकतो, कारण ते खरं आहे. लिंच शाळा सोडून, वय खोटं सांगून 16व्या वर्षी अमेरिकन नौदलात गेले आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये तोफेवर होते. परत आल्यावर त्यांनी पैशासाठी बॉक्सिंगही केलं. पुढे मानसशास्त्र शिकले, मानवी आनुवंशिकी शिकले आणि 1960 साली टेक्सासमधून डॉक्टर होऊन बाहेर पडले. यातून त्यांच्या संशोधनाबद्दल काय सिद्ध होतं, ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आता खाण्यापाण्याचा मुद्दा. हा शोधही मेसेजवाल्याचा नाही. 1960च्या दशकात भलेभले तज्ज्ञ लिंचना हेच ऐकवायचे: एका घरात राहणारी माणसं एकच अन्न खातात, एकच पाणी पितात, म्हणून एकाच रोगाने मरतात. सरकारी संशोधन निधीसाठी केलेला त्यांचा अर्ज याच समजुतीपायी फेटाळला गेला.

त्यांची सुरुवात झाली 1962 साली, नेब्रास्कातल्या ओमाहामध्ये. दारूच्या व्यसनाने दवाखान्यात आलेला एक रुग्ण तपासायला सांगितलं होतं. का पितोस असं विचारल्यावर तो म्हणाला की मी आतड्याच्या कॅन्सरने मरणार आहे, आमच्या घरात सगळे त्यानेच मरतात. दुसऱ्या कुणी हे दारुड्याचं बडबडणं म्हणून सोडून दिलं असतं. लिंचनी त्याच्या नातेवाइकांची यादी केली, मग जुने पॅथॉलॉजीचे रिपोर्ट काढून एकेक मृत्यू पडताळला. ॲन क्रश या समाजसेविकेच्या मदतीने नेब्रास्का आणि मिशिगनमधल्या दोन मोठ्या घराण्यांच्या वंशावळी मांडून 1966 साली त्यांनी तो अभ्यास छापला. गंमत म्हणजे अशी वंशावळ त्याच्या कितीतरी आधी मांडली गेली होती. 1895 साली मिशिगनमधले पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की घरच्या इतरांसारखी मीही कॅन्सरने लवकर जाणार. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. वॉर्थिननी 1913 साली ते घराणं छापलं, पुढे लिंच आणि क्रश यांनी तेच घराणं पुन्हा शोधून 1971 साली त्याची पुढची कहाणी लिहिली.

आता हे आपल्या घराला लावून बघा. सून पंचवीस वर्षं त्याच चुलीवरचं खाते, त्याच आडाचं पाणी पिते. तिला कधीच कॅन्सर होणार नाही असं कुणी म्हणत नाही, पण त्या घराण्याचा साचा, म्हणजे पन्नाशीच्या आत आतडं नाहीतर गर्भाशय, तो तिच्याकडे येत नाही. तिच्या नणंदेकडे मात्र येऊ शकतो, ती लग्न होऊन चार जिल्हे पलीकडे का नांदत असेना. अन्न-पाण्याचा दोष असता तर हिशेब उलटा असायला हवा होता. आणि हो, आईकडून येतं तसंच बापाकडूनही येतं. वाहक पालकाच्या प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, सदोष जनुक मिळण्याची शक्यता निम्मी.

हे होतं कसं, तेही सांगतो. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करायला शरीरात मुद्रितशोधक बसलेले असतात. एमएसएच2, एमएलएच1, एमएसएच6 आणि पीएमएस2 ही जनुकं त्यातलीच. जन्मतः एक प्रत बिघडलेली असेल तर दुसरीवर काम भागतं. ती दुसरीही एखाद्या पेशीत बिघडली की चुका साचत जातात. अशांच्या आतड्यातला साधा कोंब, म्हणजे आतल्या अस्तरावरची छोटी वाढ (पॉलिप), फार लवकर कॅन्सर बनतो. यालाच लिंच सिंड्रोम म्हणतात.

कंपन्यांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरशी संबंधित बीआरसीए जनुकांवर एका अमेरिकन कंपनीने पेटंट घेऊन चाचणी वर्षानुवर्षं महाग ठेवली होती. 2013 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः असलेल्या जनुकावर पेटंट मिळणार नाही असा निकाल दिला. पण तारखा बघा की जरा! लिंचनी वंशावळी काढायला घेतल्या 1962 साली, आणि एमएसएच2 जनुक सापडलं 1993 साली. तीस वर्षं हा माणूस पत्नी जेन यांना घेऊन गावोगावच्या कुटुंबांकडे जाऊन रक्ताचे नमुने आणि घराण्याची माहिती गोळा करत होता, तेव्हा विकायला चाचणीच नव्हती. बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात हेही खरं, आनुवंशिक साधारण 5 ते 10 टक्केच. पण मावशी आणि मामा असे गेलेल्या घराने स्वतःला उरलेल्या नव्वदात बसवून घ्यायचं, याला काय म्हणावं?

आता ज्या वाक्याने तारीख रद्द झाली ते. ‘दुर्बीण घातली की झोपलेला कॅन्सर जागा होतो.’ अशा घराण्यांतल्या 252 जणांवर फिनलंडमध्ये पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं, तो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 133 जणांनी दर तीन वर्षांनी आतड्याची तपासणी करून घेतली, 119 जणांनी नको म्हटलं. दुर्बिणीने कॅन्सर जागा होत असता तर पहिल्या गटात हाहाकार उडायला हवा होता. तपासणी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर झाला 8 जणांना, नको म्हणणाऱ्यांत 19 जणांना. त्या कॅन्सरने मृत्यू पहिल्या गटात एकही नाही, दुसऱ्यात 9. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, ज्याने त्याने आपली बाजू निवडली होती, हे लक्षात ठेवूनही शून्य आणि नऊ. कारण साधं आहे: दुर्बिणीत कोंब दिसला की तिथेच काढून टाकता येतो, कॅन्सर व्हायच्या आत. आता तर अशा लोकांना विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी तपासायला सांगतात. ‘तपासून उपयोग काय’ याचंही उत्तर यातच आलं. ओमाहाच्या त्या रुग्णाला जे ठरलेलं मरण वाटत होतं, त्यातला बराच भाग आता टाळता येतो.

काढ्याबद्दल काही लिहीत नाही.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच आहे. ‘पोटाच्या दुखण्याने गेली’, ‘गाठ होती म्हणे’, याच्या पुढे कुणी बोलत नाही, कारण घरात लग्नाची पोरगी असते. आमच्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवणाऱ्या हेळव्याच्या चोपडीत पिढ्यानपिढ्यांची नावं निघतील, पण कोण कितव्या वर्षी कशाने गेलं, हे एकाचंही नाही.

हे सगळं बहिणीला फोनवर सांगितलं, जरा आवाज चढवूनच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मामाचं नक्की आतड्याचंच होतं का रे?’ मामीला विचारलं. मामीने रिपोर्ट जपून ठेवलेत. माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, रविवारी या म्हणाली, आणि येताना स्टूल घेऊन या, आमचं मोडलंय.