पैसे एकाचे, आयपी सगळ्यांचा

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही जरा लांबणार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या तुमच्या टॉवेलवाल्या क्लायंटची साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइटी असलेल्या एकाच सर्व्हरवर, पीएचपी ५.६ (साइट ज्या भाषेत लिहितात तिचं जुनं व्हर्जन) वर सुरळीत चालली होती. होस्टिंगवाल्यानं ते व्हर्जन काढलं, फोल्डरला ७७७ परमिशन (कुणालाही लिहायची मुभा) देऊ दिली नाही, तासाला किती मेल जातील यावर मर्यादा घातली, आणि मी मागच्या लेखात त्याचीच री ओढली. ‘सुरक्षेच्या नावाखाली व्हीपीएस गळ्यात मारायचा धंदा’, असं तुम्ही लिहिलंय. (व्हीपीएस म्हणजे आपल्यापुरता वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर.)

धंदा आहेच, मीही तोच करतो. व्हीपीएस खपला तर मला वाईट वाटत नाही. पण तुमच्या तीन तक्रारी एका मापाच्या नाहीत.

७७७ चा विषय तर वादाचाही नाही. पूर्वी सर्व्हरवरच्या सगळ्या साइटींचं पीएचपी एकाच ‘नोबडी’ युजरखाली चालायचं, म्हणून अपलोडचं फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं ठेवावं लागे. जुन्या ट्युटोरियलमध्ये तो सल्ला अजून पडून आहे. आता पीएचपी तुमच्याच खात्याच्या युजरखाली चालतं. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ (लिहायचा हक्क फक्त मालकाला) पुरतं. तरी अपलोड होत नसेल तर बहुतेक वेळा फाइलची मालकी दुसऱ्याच युजरच्या नावावर असते. सपोर्टला तेवढं सांगा, लगेच सुटेल.

पीएचपी ५.६ चे सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०१८ ला थांबले. यावर तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो: ‘केजएफएसमध्ये प्रत्येक खातं वेगळं कोंडलेलं असताना शेजाऱ्याला कसला धोका?’ शिवाय हे केजएफएस बनवणारे क्लाउडलिनक्सवाले (होस्टिंग सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी) जुन्या व्हर्जनला स्वतः पॅच लावून देतात, हेही खरं. पण ते पॅच पीएचपीला लागतात, तुमच्या क्लायंटच्या कोडला नाही. आणि केजएफएस फायली वेगळ्या ठेवतं. आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, सगळ्यांचा एकच राहतो.

त्या काळचे चौकशीचे फॉर्म आठवा. ‘तुमचा ईमेल’ या रकान्यात जे येईल ते कोड जसंच्या तसं मेलच्या हेडरमध्ये चिकटवायचा. कुणी पत्त्यापुढं नवी ओळ घालून तिथं बीसीसीत शेकडो पत्ते भरले, की टॉवेलच्या चौकशीचा फॉर्म स्पॅमचं मशीन होतो. रात्रभर मेल जातात, सकाळी आयपी स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत. मग त्याच सर्व्हरवरचा एखादा चादरीचा कारखानदार परदेशी गिऱ्हाइकाला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाठवतो आणि ते बाउन्स होतं. त्यानं काहीही केलेलं नसतं, आणि पहिला फोन त्याचाच येतो. त्याला काय सांगायचं? शेजारच्या गिऱ्हाइकाला जुनं व्हर्जन हवं होतं म्हणून?

म्हणून मागणी आली की मी एवढंच बघतो: बिघडलं तर भुर्दंड कुणाला? मागणाऱ्याला एकट्यालाच बसणार असेल, तर धोका समजावून सांगतो आणि करून देतो. मेलची मर्यादा मात्र सैल करत नाही. दिवाळीच्या ऑफरचे हजारो मेल पाठवायचे असतील तर त्यासाठी वेगळी बल्क मेल सेवा घ्यावी. शेअर्ड होस्टिंगच्या भाड्यात ते बसत नाही.

आता तुमच्या बाजूचं. प्रतिक्रियेत मॉडसिक्युरिटी या साइटच्या फायरवॉलबद्दलची तुमची चीडही आहे, आणि ती अगदी रास्त आहे. ‘सिलेक्ट एनी साइझ फ्रॉम अवर रेंज’ असं साधं इंग्रजी वर्णन कॅटलॉगमध्ये सेव्ह करायला जावं आणि ‘सिलेक्ट’, ‘फ्रॉम’ बघून फायरवॉलनं ते एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) वापरून केलेला हल्ला समजून ४०३ (‘परवानगी नाही’) दाखवावा, म्हणजे कमालच. अशा वेळी ‘आमची पॉलिसी आहे’ म्हणून फोन ठेवणारा सपोर्ट आळशी असतो. लॉगमध्ये त्या नियमाचा नंबर दिसतो. तेवढा एक नियम त्या एका साइटपुरता बंद करता येतो. अख्खी फायरवॉल काढायची गरज नाही आणि गिऱ्हाइकाला पिटाळायचीही नाही. तसंच आगाऊ नोटीस न देता व्हर्जन काढणं. हे जर तुमच्या बाबतीत झालं असेल, तर होस्टिंगवाल्याची बाजू मी घेणार नाही. महिना-दोन महिने आधी मेल, आणि नव्या व्हर्जनवर तपासायला साइटची वेगळी कॉपी, एवढं शेअर्ड होस्टिंगमध्येही देता येतं.

तुमच्या क्लायंटची साइट बहुधा ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ या डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या फंक्शनवर अडत असेल. त्या जातीची फंक्शनं पीएचपी ७ मध्ये काढून टाकली. छोट्या कॅटलॉगचा कोड पीडीओवर (डेटाबेसशी बोलायच्या नव्या पद्धतीवर) न्यायला फार वेळ लागू नये. क्वेऱ्या बदलतानाच चौकशीच्या फॉर्मचं हेडरही दुरुस्त करून घ्या, कारण नुसतं व्हर्जन चढवून ते भोक बुजत नाही.