मालकाचं उत्तर: सापोरो स्नो फेस्टिव्हल, मराठीतून पायी सफर (दोन तारे)

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. टोकियोहून विमानाचा खर्च करून मैत्रिणींना घेऊन आलात आणि हिरमोड झाला, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. 'फुकट बागेत फिरवायचे पैसे घेतले' याबद्दल इतकंच सांगतो, की उत्सवातले बर्फाचे पुतळे असतात त्या ओदोरी पार्कला तिकीट नसतं हे बुकिंगच्या पानावर आम्हीच लिहिलंय. फी सोबत फिरून माहिती सांगण्याची आहे.

पण 'गाईडने घाई केली, अर्धे पुतळे अंधारात दाखवले' हे मात्र फार लागलं. माझा वर्षाचा धंदा फेब्रुवारीतल्या त्या एका आठवड्यावर चालतो, आणि पुढच्या वर्षी येणारी मंडळी आधी हेच वाचणार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपलं ठरलं होतं साडेसहाला, टीव्ही टॉवरच्या पायथ्याशी. त्यानंतर तुमचा मेसेज आला, 'सूप करीच्या रांगेत आहोत, पाच मिनिटांत पोचतोच.' सूप करी सापोरोची खासियत, खायलाच हवी, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुम्ही आलात तेव्हा आठ वाजून गेले होते. तोवर मी शून्याखालच्या थंडीत पाटी धरून उभा होतो. ओदोरीतले दिवे रात्री दहाला बंद होतात, आणि ते आयोजक बंद करतात. मैदान जवळजवळ दीड किलोमीटर लांब. गर्दीमुळे चालायची दिशाही एकेरी, एका बाजूने जायचं आणि दुसऱ्या बाजूने परतायचं. 'तो एक राहिला, जरा मागे जाऊ या' असं तिथे चालत नाही. त्यात पहिल्याच मोठ्या शिल्पापुढे रील मनासारखं येईना म्हणून पुन्हा पुन्हा काढणं झालं. मी 'चला चला' म्हणत होतो ते त्यासाठीच हो, मला घरी जायची घाई नव्हती.

'गाईडने काहीच माहिती सांगितली नाही' असंही लिहिलंत. १९५० साली शाळेतल्या मुलांनी याच बागेत सहा पुतळे केले तिथून हे सुरू झालं, १९५५ मध्ये जपानचं स्वसंरक्षण दल मोठी शिल्पं उभारायला उतरलं, बर्फ शहराबाहेरून ट्रक भरभरून आणावा लागतो, हे सगळं मी सांगितलं. ऐकायला तुमच्यातल्या निळ्या टोपीवाल्या ताई तेवढ्या होत्या. त्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलात तर जेसीबी लावून पुतळे तोडत होते, 'हे आधी सांगायला नको का?' सांगितलं होतं ताई. शेवटच्या रात्रीचं बुकिंग घेतानाच लिहिलं होतं की उद्या काही उरणार नाही, जमलं तर एक दिवस आधी या. मोठी शिल्पं पंधरा मीटरपर्यंत उंच असतात. ऊन लागून बर्फ खचला आणि कुणाच्या अंगावर आला तर? म्हणून उत्सव संपला की लगेच पाडतात. यंत्राचा दात पहिल्यांदा पुतळ्याच्या कानात घुसतो तेव्हा मलाही बघवत नाही. पण त्याचा एक तारा माझ्या नावावर का कापायचा?

असो. वेळेच्या बाबतीत पुढच्या हंगामापासून काहीतरी नीट व्यवस्था करू, आणि उत्सवाचं दुसरं ठिकाण असलेल्या सुसुकिनो भागातले बर्फाचे पुतळे आधी दाखवता येतात का तेही बघू.

ता. क. : घसरू नये म्हणून बुटांना लावायला दिलेल्या पट्ट्या तुमच्या मैत्रिणीकडेच राहिल्या आहेत. 'नको, सवय आहे आम्हाला' म्हणाल्या होत्या, मग पडल्यावर लावल्या. असू द्यात त्यांच्याकडेच, परत पाठवायच्या खटपटीत पडू नका.